लेकीच्या पायांना करंट

मी वायरमन आहे. धंद्याला एकवीस वर्षं झाली. कांजूरमार्ग-भांडुप पट्ट्यातल्या बऱ्याच चाळींच्या मीटरबॉक्समध्ये माझा हात गेलेला आहे, आणि दोनदा त्या हातासकट मी फेकलाही गेलोय. त्यामुळे लेकीच्या फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "हिच्या मांड्यांना करंट देऊन बघूया," तेव्हा बायकोनं विचारलं, "दुखेल का?" आणि मी विचारलं, "किती?"

"वीस-तीसपासून सुरू करू. उभं करायचं तर साठ-सत्तरपर्यंत जावं लागेल."

"काय साठ-सत्तर?"

"मिलीअँपियर."

मी लेकीच्या व्हीलचेअरचा हँडल धरून उभा होतो, तो आणखी घट्ट धरला. घरोघरी मी जी आरसीसीबी बसवतो, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, ती ३० मिलीअँपियर गळतीला ट्रिप होते. माणसाच्या अंगातून त्याहून जास्त जाऊ नये, म्हणून तो आकडा ठरलेला. आणि ही बाई माझ्या नऊ वर्षांच्या पोरीला सत्तर देणार म्हणते. मी "विचार करून सांगतो" म्हटलं आणि निघालो.

तोवर अपघाताला सव्वा वर्ष झालं होतं. गणपतीला गावी जाताना, हायवेवर. मागच्या सीटवर मधे बसली होती, पट्टा नुसता कमरेवरून होता. गाडी पुढच्या टेम्पोवर आदळली, आम्हा बाकीच्यांना किरकोळ खरचटलं. एक्स-रे काढला, एकही हाड मोडलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, घाबरलीय, रात्रीत पाय हलवेल. नाही हलवले. दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला तेव्हा कळलं, हाडं धड आहेत पण आतला मज्जारज्जू ताणला जाऊन खराब झालाय. लहान मुलांचा कणा रबरासारखा लवतो आणि जागेवर येतो, मज्जारज्जूला तेवढं लवता येत नाही. याला १९८२ सालापासून नाव आहे, स्किवोरा. नाव असल्यानं आम्हाला काय फरक पडला म्हणा. रिपोर्टवर लिहिलं होतं डी-८, कंप्लीट. म्हणजे छातीच्या आठव्या मणक्याच्या पातळीपासून खाली ना हालचाल, ना स्पर्श.

पहिल्या रुग्णालयात कुणी सांगितलं नाही की दर दोन तासांनी कूस बदलायची असते. माकडहाडावर जखम झाली ती भरायला चार महिने गेले. त्याबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही, लिहायला बसलो तर तेवढंच होईल.

करंटवर परत येतो. त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून वहीत हिशोब केला. मॅडमनी मशीनचं माहितीपत्रक दिलं होतं. त्यात लिहिलं होतं, एक झटका ३०० मायक्रोसेकंदांचा, असे सेकंदाला ३०. तीस गुणिले तीनशे, नऊ हजार मायक्रोसेकंद. म्हणजे पूर्ण सेकंदात करंट जातो तो सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळ. आपल्या घरच्या लाइनमधला करंट मात्र थांबत नाही, पन्नास हर्ट्झनं आत-बाहेर करत राहतो. शिवाय दोन्ही पॅड एकाच मांडीवर, त्यामुळे करंटची वाट तेवढ्यातल्या तेवढ्यात, छातीकडे जातच नाही. मशीन सेलवर चालणारं, भिंतीतल्या प्लगशी संबंध नाही. आणि प्रत्येक झटका आधी इकडून तिकडे जातो, लगेच तिकडून इकडे येतो, म्हणजे कातडीखाली एका बाजूला काही साठून राहत नाही. पहाटे तीन वाजता बायकोला उठवून सांगितलं, "बरोबर आहे त्यांचं." ती म्हणाली, "त्यांचं बरोबरच असणार. तुम्हाला वहीत दिसायला पाहिजे होतं एवढंच."

हे सेंटर परळला. रिक्षा सायनपुढे जात नाही, त्यामुळे कांजूरमार्गहून सायनपर्यंत रिक्षा, तिथं उतरून टॅक्सी. टॅक्सीच्या डिकीत सीएनजीचा सिलिंडर, म्हणजे व्हीलचेअर वर कॅरिअरवर, दोरीनं बांधून. लेकीला मी उचलून आत ठेवायचा, बायको खुर्चीची चाकं काढायची, टॅक्सीवाला मीटर टाकायची घाई करायचा. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरलं की तो दिवस गेला. शिवाय निघण्याआधी नळी घालून लघवी काढायची, ती दर चार तासांनी लागतेच. अशा तयारीनं आठवड्यातून दोनदा जायचो. ज्या दिवशी जायचो, त्या दिवशीचं माझं काम बुडायचं.

पहिल्या दिवशी नुसती चाचणी. मॅडमनी उजव्या मांडीवर दोन पॅड लावले, पत्त्यांच्या कॅटपेक्षा थोडे मोठे, जेल लावलेले. लेक खुर्चीत बसलेली, पाय लोंबते. मॅडम बटण दाबत आकडा वाढवत गेल्या. वीसला काही नाही. तीसला कातडीखाली थरथर, तळ्यात मासा फिरावा तशी. अडतीसला मांडीवर एक उंचवटा उठला आणि पाऊल हळूहळू वर आलं, गुडघा सरळ झाला, आणि पाय हवेत तसाच राहिला. सव्वा वर्षात तो पाय झटक्यानं आखडताना बघितला होता, असा ठरवून उचलल्यासारखा नाही.

माझी आई बरोबर होती. तिनं हात जोडले.

मॅडमनी तिच्याकडे बघितलं आणि मशीन बंद केलं. पाय खाली आला. "आजी, हा पाय तिनं उचललेला नाही. मशीननं उचललाय. हे आत्ताच सांगते, नाहीतर नंतर तुम्हाला जास्त त्रास होईल."

आई काही बोलली नाही. लेक म्हणाली, "मला काहीच कळलं नाही. परत करा ना, मी बघत नव्हते."

मला मात्र त्या दिवशी नीट समजलं, कारण ती माझीच भाषा होती. मेन लाइन आठव्या मणक्यापाशी तुटलेली आहे, मीटरकडून, म्हणजे मेंदूकडून, हुकूम खाली पोचत नाही. पण त्याखालचं सब-बोर्ड, म्हणजे खालचा मज्जारज्जू, शाबूत आहे, आणि तिथून स्नायूपर्यंतची वायरिंगही. रात्री तिचे पाय आपोआप आखडतात, उडतात, ती त्याचीच खूण. त्या आखडण्याला आम्ही कंटाळलो होतो, मॅडम म्हणाल्या, त्यामुळेच हे जमेल. आपण वरून सप्लाय देऊ शकत नाही, पण खालच्या नसेला बाहेरून टोचून जागं करता येतं. हे मॅडमना सांगितलं तर हसल्या, म्हणाल्या, "विद्यार्थ्यांना शिकवताना वापरू का?"

पण सगळ्यांचं तसं नसतं. त्याच खोलीत पालघरकडचा एक मुलगा होता, अकरा-बारा वर्षांचा, झाडावरून पडलेला. त्याची इजा कमरेत खाली, जिथून पायांच्या नसा निघतात तिथंच. त्याच्या मांडीवर पॅड लावून मॅडम चाळीस, पन्नास, सत्तर, नव्वदपर्यंत गेल्या. मांडी तशीच, उशीसारखी मऊ. त्याची खोलीतली वायरिंगच जळालेली होती. सब-बोर्डपासून बल्बपर्यंतची तार नसेल तर बल्बला असा करंट देऊन काय होणार. त्याचे वडील आमच्याकडे बघायचे, मग खिडकीकडे. त्या दिवसापासून लेकीचा पाय वर आला की मी मोठ्यानं "वा" म्हणायचं बंद केलं. त्या मुलाला पुढे लोखंडी पट्ट्यांच्या कॅलिपरवर उभं केलं. चांगला उभा राहतो तो, आमच्या लेकीहून जास्त वेळ.

लगेच उभं करत नाहीत. आधी दोन्ही खुब्यांचे एक्स-रे, हाडांच्या घनतेची डेक्सा चाचणी, रक्तातलं ड जीवनसत्त्व. वजन न पेलणारं हाड विरत जातं, आणि विरलेल्या हाडावर स्नायूनं एकदम जोर लावला तर हाडच मोडायचं. लहान वयात इजा झालेल्या मुलांचे खुबे सरकतात, पाठ वाकते. वाढायचं वय बाकी असलं तर पाठ बहुतेकांची वाकते, म्हणून तिला प्लॅस्टिकचं जॅकेट आहे आणि सहा महिन्यांनी एक्स-रे. मग आठ आठवडे घरी रोज संध्याकाळी अर्धा तास व्यायाम, मशीन सेंटरनं वापरायला दिलं. पाच सेकंद चालू, दहा सेकंद बंद. पाय वर, पाय खाली. लेक त्या वेळात गृहपाठ करायची, पायाकडे बघायचीही नाही. दर रविवारी बायको शिलाईच्या टेपनं मांडी मोजायची, गुडघ्याच्या वर एक वीत. २७ सेंटिमीटरची साडेएकोणतीस झाली.

आणि याच आठ आठवड्यांत मी माती खाल्ली.

पॅड महाग असतात आणि पंधरा-वीस वापरांत त्यांचं जेल सुकतं. मी काटकसर केली. सुकलेल्या पॅडला पाण्याचा हात लावून चालवत होतो, एका पॅडची कड वर आली होती तिथं चिकटपट्टी लावली. एका संध्याकाळी पॅड काढला तर त्याखाली, कडेला, नखाएवढा लाल डाग. दुसऱ्या दिवशी त्यावर फोड. तिला काही कळलं नव्हतं, कळणारच कसं? ती गणितं सोडवत होती.

मॅडमना फोटो पाठवला. त्यांनी फोनवर विचारलं, "पॅड पूर्ण चिकटलेला होता का?" आणि उत्तर देता देता माझी जीभ जड झाली. पूर्ण पॅडमधून जायचा तो करंट कोपऱ्याएवढ्या जागेतून गेला. एवढ्याशा जागेतून तेवढाच करंट, म्हणजे तिथं ताप. लूज कॉन्टॅक्ट. वीस वर्षं मी लोकांचे जळलेले प्लगपॉइंट उघडून त्यांना सुनावतोय, "बघा, लूज कॉन्टॅक्टनं काय झालं." फोड भरेपर्यंत तीन आठवडे सगळं बंद. बायको एक अक्षर बोलली नाही, ते जास्त लागलं.

तेव्हापासून पॅडच्या पाकिटावर बॉलपेननं रेघा मारतो. प्रत्येक वापराला एक रेघ. पंधरा झाल्या की कचऱ्यात.

उभं राहण्याचा दिवस मार्चमधला. समांतर दांड्यांच्या मधे खुर्ची, पावलांना प्लॅस्टिकचे एएफओ, म्हणजे पाऊल आणि घोटा धरून ठेवणारे साचे, त्यावर एक नंबर मोठे बूट. चार जोड्या पॅड, दोन मांड्यांवर पुढून, दोन नितंबांवर. मांडीचे स्नायू गुडघा ताठ ठेवतात, मागचे कंबर पुढे ढकलतात. मॅडम पुढे स्टुलावर, तिचे गुडघे स्वतःच्या गुडघ्यांत धरून. मी मागे, पट्टा पकडून. मी मशीनकडे हात नेला तर मॅडम म्हणाल्या, "बाबा, स्विच तिच्याकडे."

"ती लहान आहे."

"पाय तिचे आहेत."

लेकीनं दांड्यावर एक हात ठेवला, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं बटण दाबलं. करंट एकदम येत नाही, तीन सेकंदांत चढत जातो. फॅन रेग्युलेटरवर चढवावा तसा. मांड्या कडक झाल्या, पट्टा माझ्या हातात सैल पडला, आणि ती वर आली. मी पट्टा ओढला नव्हता. हे मी पुन्हा सांगतो, कारण मला स्वतःलाच नंतर शंका आली होती. नव्हता ओढला.

चाळीस सेकंद. समोर आरसा होता. तिनं त्यात बघितलं आणि पहिलं वाक्य काय बोलली, तर "आई, हा फ्रॉक किती आखूड झालाय!" खरंच झाला होता. बसलेल्या मुलीचा फ्रॉक आखूड झालेला कळत नाही. सव्वा-दीड वर्ष तिची उंची कुणी उभ्यानं बघितलीच नव्हती. मग डावा गुडघा थरथरायला लागला, मॅडम म्हणाल्या "बस," तिनं अंगठा दाबला आणि आम्ही तिला खाली टेकवलं.

चाळीस सेकंदच का? मांडीची ताकद तर वाढली होती. मॅडमनी समजावलं ते मला गिरणीच्या भाषेत कळलं, माझे वडील परळच्याच एका गिरणीत होते. आपण उभे राहतो तेव्हा शरीर स्नायूंचे धागे पाळीपाळीनं कामाला लावतं. काही खेचतात, काही विसावा घेतात, आणि आधी न दमणारे बारीक धागे लागतात. तीन पाळ्यांत गिरणी चोवीस तास चालते. मशीनला पाळ्या माहीत नाहीत. एक भोंगा, आणि तिन्ही पाळ्यांचे कामगार एकदम हजर, त्यातही लवकर दमणारे पैलवान पुढे. दोन मिनिटांत खात्यात माणूस शिल्लक राहत नाही. झटके कमी केले तर पाय थरथरतो, वाढवले तर जास्त ताठ पण आणखी लवकर दमतो. म्हणून तो सेकंदाला तीसच्या आसपासचा आकडा.

मी मग फोनवर वाचत सुटलो. बेडकाचा पाय विजेनं उडतो हे गॅल्व्हानीनं १७९१ मध्ये छापलं. १९६१ मध्ये लिबरसन यांनी लकवा झालेल्यांचं लोंबतं पाऊल चालताना उचलायला असंच यंत्र वापरलं. मोठ्या माणसांना उभं करून थोडं चालवणाऱ्या पॅरास्टेप नावाच्या यंत्राला अमेरिकेत १९९४ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. आणि फिलाडेल्फियाच्या श्राइनर्स रुग्णालयात तर मुलांच्या स्नायूंतच बारीक तारा बसवल्या, आधी कातडीतून बाहेर काढलेल्या, मग पूर्ण आत. तिथं १९९९ च्या एका अभ्यासात त्याच मुलांना एकदा करंटवर आणि एकदा लांब ब्रेसेसवर, म्हणजे कॅलिपरवर, उभं करून तुलना केली होती. बहुतेक कामांत करंटवर तेवढीच किंवा कमी मदत लागली. मी हे मॅडमना उत्साहानं दाखवलं. त्या म्हणाल्या, "मुलं किती होती ते बघा." पाच होती.

दुसऱ्या बाजूला एक गृहस्थ भेटले, ठाण्याचे, नातेवाइकांच्या ओळखीतले. "तीन महिन्यांत पोरगी चालेल" असं मशीन विकत होते. मी म्हटलं, बघू. घरी आणून स्क्रू काढले. नऊ व्होल्टची बॅटरी, एक नॉब, चिमुकला ट्रान्सफॉर्मर, आणि मागच्या स्टिकरवर टेन्स. टेन्स दुखणं कमी वाटावं म्हणून देतात, कंबरदुखीला वगैरे. मांडी उचलून धरायचं ते कामच नाही. परत केलं तर गृहस्थ म्हणाले, "तुमचा विश्वास नाही, म्हणून गुण येणार नाही."

आता चालण्याचं. विचारतात सगळे, म्हणून लिहितो. नाही, ती चालत नाही. मशीन बंद केलं की पाय पहिल्यासारखे. शाळेत ती व्हीलचेअरवरच जाते आणि सुसाट जाते. उभं राहणं हा तिच्या दिवसातला दहा-बारा मिनिटांचा भाग आहे, तुकड्या-तुकड्यांत. त्याशिवाय अर्धा तास नुसत्या स्टँडिंग फ्रेममध्ये, करंटशिवाय. रात्रीचं पाय आखडणं थोडं कमी झालंय असं आम्हाला वाटतं. आई आता मशीनपुढे हात जोडत नाही, पण सेल संपलेत का हे तीच विचारते.

यंदा गणपती घरीच बसवला, दीड दिवसाचा. गावची वाट आम्ही अजून धरलेली नाही. तोवर मॅडमनी आम्हा दोघांना शिकवून, परीक्षा घेऊन, घरी वॉकर धरून उभं करायची परवानगी दिली होती. दोन माणसं असल्याशिवाय नाही, ही अट. संध्याकाळच्या आरतीला खोलीत पंधरा-सोळा माणसं, ही उभी राहणार ही बातमी चाळभर झालेली. दोन-तीन फोन आधीच वर धरलेले. मला ते आवडलं नव्हतं, पण आजीला नाही म्हणवत नाही.

टाळ वाजले, तिनं बटण दाबलं, उभी राहिली. हातांनी वॉकर धरलेला, त्यामुळे टाळ्या नाहीत, नुसतं तोंडानं. पहिली आरती पूर्ण झाली. दुसरीच्या पहिल्या कडव्यात डावा गुडघा थरथरला. मी आणि बायको एकदम पुढे झालो, पण तिनं आधीच अंगठा दाबला होता. बसली, ओढणी सारखी केली, आणि उरलेली आरती बसून म्हटली, टाळ्या वाजवत, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

प्रसाद वाटून झाला. माझी वहिनी म्हणाली, "बाळा, व्हिडिओ हलला गं. परत एकदा उभी राहतेस?"

"पाय दमलेत काकू. उद्या सकाळच्या आरतीला या."

माणसं गेल्यावर मी पॅड काढले, आठही. मांड्या आणि पाठीमागची कातडी टॉर्च लावून बघितली, कुठे लाल नाही. पॅड त्यांच्या प्लॅस्टिकवर चिकटवले, पाकिटावर रेघ मारली. तेरावी.